देवकुंड पहिल्यांदा बघायला निघताय? पुण्याहून जाणाऱ्यांसाठी

देवकुंडचा तो फोटो तुम्ही पाहिलेला असतोच. तिन्ही बाजूंनी काळा कातळ, मधून सरळ खाली येणारी पांढरी धार आणि पायथ्याला हिरवं-निळं गोल कुंड. पुण्यात नव्याने राहायला आलेली माझ्या ऑफिसातली मुलं जूनचा पहिला पाऊस झाला की तोच फोटो पुढे करतात आणि विचारतात, "ताई, या रविवारी जाऊ का?" त्यांना मी जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते आहे. तो फोटो पावसाळ्यातला नाही. भर पावसात त्या कुंडातलं पाणी दुधाळ चहाच्या रंगाचं असतं आणि काठावर उभं राहायलाही जागा उरत नाही. ते निळं पाणी दिसतं पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. तारीख चुकली की बाकीची सगळी तयारी वाया जाते, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

आधी पाणी कुठून येतं ते समजून घ्या

देवकुंड रायगड जिल्ह्यात आहे, माणगाव तालुक्यात, पाटणूस-भिरा या गावांच्या मागच्या डोंगरात. कुंडलिका नदीचा उगम इथेच मानतात. ही नदी पुढे कोलाड, रोहा करत रेवदंड्याच्या खाडीतून समुद्राला मिळते. पण धबधब्यात पडणारं पाणी येतं ते वरच्या ताम्हिणीच्या घाटमाथ्यावरून, म्हणजे पुण्याच्या बाजूने. तुम्ही खाली कोकणात उभे असता आणि पाऊस तुमच्या डोक्यावर दोन-अडीच हजार फूट उंचीवर, तुम्हाला न दिसणाऱ्या पठारावर पडत असतो.

ताम्हिणीचा पाऊस म्हणजे काय चीज आहे, हे पुणेकरांना २०२४ च्या जुलैत कळलं. २५ जुलैच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत तिथे ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पुणे शहराची अख्ख्या वर्षाची सरासरी सातशे-साडेसातशेच्या घरात आहे. त्याच दिवशी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं होतं, ते अनेकांना आठवत असेल. एवढं पाणी ज्या माथ्यावर पडतं, त्याच माथ्याच्या पायथ्याशी हे कुंड आहे.

याचा तयारीशी थेट संबंध आहे. हवामान खात्याचा अंदाज बघताना फक्त "पुणे" बघू नका. त्यात पुणे शहर आणि पुण्याचा घाट विभाग वेगळे दिलेले असतात. तुम्हाला घाट विभाग आणि रायगड, दोन्ही बघायचे आहेत. यातल्या एकालाही ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर बेत रद्द करा. शहरात लख्ख ऊन असलं तरीही.

तारीख ठरवा

जून ते सप्टेंबर जाऊ नका. पावसाळ्यात प्रशासन इथे बंदी घालतं, तिच्या तारखा दर वर्षी बदलतात. नवखे इथे एक चूक नेहमी करतात. ते पुणे जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश शोधतात, त्यात देवकुंडाचं नाव दिसत नाही आणि मग निघतात. देवकुंड रायगडमध्ये आहे. बंदी असते ती रायगड जिल्हा किंवा माणगाव तालुका प्रशासनाची. तिचीच खात्री करा, नाहीतर शंभरेक किलोमीटर जाऊन पोलिसांच्या नाक्यावरून परत यावं लागेल.

माझ्या मते सगळ्यात चांगला काळ ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते डिसेंबरची सुरुवात. धार भरलेली असते, पाणी स्वच्छ असतं, ओढे उतरलेले असतात. जानेवारीनंतर धार बारीक होत जाते. मार्चनंतर तर विचारच नको. भिरा तिन्हीकडून डोंगरांनी वेढलेलं आहे, वारा लागत नाही. २८ मार्च २०१७ ला तिथे ४६.५ अंश तापमान नोंदलं गेलं होतं आणि देशभरच्या बातम्यांत भिऱ्याचं नाव आलं होतं.

शक्यतो रविवार टाळा. मधल्या वाराची एक सुट्टी टाका. कुंडाजवळ पन्नास माणसं असणं आणि पाचशे असणं, यात फार फरक पडतो.

आणि जुलैतच धबधबा बघायची फार ओढ असेल तर साताऱ्याजवळचं ठोसेघर बघा. तिथे समोरून बघायला बांधलेला सज्जा आहे, पाण्याजवळ जावंच लागत नाही. पावसाळ्यातला धबधबा असा लांबूनच बघावा, असं माझं ठाम मत आहे.

पाय तयार करा

देवकुंडची वाट उभ्या चढणीची नाही, पण लांब आहे. जायला पाच-सहा किलोमीटर, यायला तेवढेच. सवय नसलेल्या माणसाला एका बाजूला अडीच तास सहज लागतात. आधीचे दोन-तीन आठवडे वेताळ टेकडीवर जा. एआरएआयच्या बाजूने चढून चतुःशृंगीकडे उतरा आणि तसेच परत या. ते जमलं, वर एकदा आतकरवाडीतून सिंहगड चढून उतरलात, की देवकुंडला दम लागणार नाही.

बुटांवर कंजुषी करू नका. तळ खडबडीत हवा. जिमचे गुळगुळीत तळाचे बूट कोरड्या रस्त्यावर छान वाटतात, पण शेवाळलेल्या दगडावर अजिबात थांबत नाहीत. बूट भिजणार हे धरून चाला. ओढा ओलांडताना बूट काढून अनवाणी जाऊ नका, तळव्याला दगड लागला की माणूस तोल घालवतो. परतीसाठी चपला आणि कोरडे मोजे गाडीत ठेवा.

सॅकमध्ये माणशी दोन-अडीच लिटर पाणी, ओआरएसची पाकिटं, गूळ-शेंगदाणे किंवा चिक्की, दशम्या नाहीतर पराठे, टॉर्च, शिट्टी, क्रेप बँडेज आणि एक जाड प्लॅस्टिकची पिशवी. कपड्यांचा जोड वेगळ्या पिशवीत बांधून घ्या. जीन्स नको, भिजली की जड होते आणि मांड्या सोलवटतात. परफ्यूम, डिओ मारून येऊ नका. सह्याद्रीच्या जंगलात आग्या मोहोळ असतात आणि उग्र वासाने ती चवताळतात.

रस्ता

पहाटे पाचला चांदणी चौक सोडा. भूगाव, पिरंगुट, पौड, मग मुळशीचं धरण डाव्या-उजव्या वळणांवर दिसत राहतं, पुढे ताम्हिणी घाट उतरून विळे. विळ्याहून पाटणूसमार्गे भिऱ्याकडे वळायचं. न थांबता गेलात तर अडीच-तीन तास. नाश्ता पौडलाच करून घ्या, पुढे सकाळी लवकर काही उघडं मिळेलच असं नाही. पेट्रोलही पिरंगुट-पौडच्या आत भरा.

एसटी आहे. स्वारगेटहून ताम्हिणीमार्गे माणगावकडे गाड्या जातात, पण मोजक्या. विळ्याला उतरून पुढे भिऱ्यापर्यंत पोचणं आणि संध्याकाळची परतीची गाडी गाठणं एका दिवसात फार धावपळीचं होतं. चार-पाच जण मिळून गाडी करणं बरं. दुचाकीने जाणार असाल तर घाट अंधारात चढायचा नाही, एवढं ठरवून टाका. वळणं आंधळी आहेत आणि धुकं असलं की समोरचा दिवा अगदी जवळ आल्यावरच दिसतो.

मुळशीच्या काठावरून जाताना गाडी एकदा थांबवाच, असं मी सांगेन. हे पाणी मुळा नदीचं. ही नदी पुण्याकडे वाहते, पण धरणात अडवलेलं तिचं पाणी बोगद्यातून आणि नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरावर सोडतात. वीजघर १९२७ सालचं, टाटांचं. त्या धरणाविरुद्ध मावळातल्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला, तो १९२१ च्या रामनवमीला सुरू झाला. ज्यांची भातखाचरं या पाण्याखाली गेली त्यांचे वंशज आजही या खोऱ्यात आहेत. तुम्ही तीन तासांत घाट उतरून जिथे जाता तिथेच हे पाणीही उतरतं आणि कुंडलिकेला मिळतं. कोलाडला उन्हाळ्यातसुद्धा राफ्टिंग चालतं ते या वीजघरातून सोडलेल्या पाण्यामुळे. देवकुंडाच्या धारेला मात्र या धरणाचा आधार नाही. ती फक्त पावसावर जगते, म्हणून उन्हाळ्यात आटते.

गावात पोचल्यावर

गाडी गावकऱ्यांनी ठरवलेल्या जागीच लावा. प्रवेशाचे आणि पार्किंगचे पैसे घेतात, पावती मागून घ्या. रोख आणि सुटे पैसे जवळ ठेवा, नेटवर्क नसलं की फोनवरून पैसे देता येत नाहीत. वहीत नाव आणि माणसं किती ते लिहा. कंटाळा करू नका, संध्याकाळी कोण परतलं नाही हे त्या वहीवरूनच कळतं.

मग वाटाड्या घ्या. मोबाइलवर नकाशा असला तरी घ्या. पैसे किती, कुठपर्यंत आणि परत येईपर्यंत सोबत राहणार का, हे निघण्याआधी बोलून घ्या. रक्कम ठरली की पुन्हा घासाघीस करू नका. मोसम चार महिन्यांचा, त्यात गावातल्या पोरांचं वर्षभराचं काही भागतं. वाटाड्या दादांशी नीट बोलत चाला. कुठला ओढा कधी चढतो, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

जेवणाचं निघतानाच सांगून ठेवा. तांदळाची भाकरी, पिठलं किंवा उसळ, भात-वरण, कोणी कोंबडीही करून देतं. तुम्ही परत येईपर्यंत तयार असतं. आणि घरी फोन करा: "आता रेंज जाईल, पाच वाजेपर्यंत फोन करतो. सहापर्यंत आला नाही तर ११२ ला कळवा." ही वेळ नक्की सांगा. "संध्याकाळी बोलू" असं मोघम सांगितलं तर घरचे रात्री नऊपर्यंत वाट बघत बसतात.

वाट

सुरुवात भिरा धरणाच्या पाण्याच्या कडेने होते. इथे वाट रुंद, सपाट, डावीकडे-उजवीकडे डोंगरांच्या भिंती आणि मध्ये संथ पाणी. फोटो इथे काढा, वेळ असतो. पण त्या पाण्यात उतरू नका, ते वीजनिर्मितीचं पाणी आहे आणि पातळी तुम्हाला न विचारता बदलते.

मग झाडी सुरू होते. ओढे ओलांडावे लागतात, काही ठिकाणी तात्पुरते साकव घातलेले असतात. जंगल दाट आहे. वर फांद्यांत खडखड आवाज झाला तर थांबून बघा, शेकरू असू शकतं. जमिनीवर मात्र हात टेकण्याआधी नजर टाका. फुरसं दगडाच्या आणि पाचोळ्याच्या रंगात मिसळून जातं, चापडा हिरव्या फांदीवर पानासारखा पडून असतो. दोघंही विषारी, पण आपण डिवचलं नाही तर आपल्या वाटेला जात नाहीत. कोणाला चावलंच तर कापणं, चोखणं, घट्ट बांधणं काही करू नका. माणसाला चालू देऊ नका, झोळीतून उचलून खाली आणा आणि एकाला पुढे पिटाळून १०८ ला फोन करायला लावा.

शेवटचा अर्धा तास दगडधोंड्यांचा आहे. लोक इथेच पडतात, कारण धबधब्याचा आवाज ऐकू येतो आणि पाय घाई करतात. काळपट-हिरवा, चकाकणारा दगड दिसला की त्यावर पाय देऊ नका. कोरडा, राखाडी दगड निवडा. पाय पूर्ण टेकवा, मग वजन टाका.

कुंडापाशी

अकराच्या सुमाराला पोचाल. ऊन त्या वेळी कुंडात उतरतं आणि पाण्याचा तो रंग दिसतो. वीस मिनिटं काहीही न करता बसा, एवढं माझ्यासाठी कराच. तोंडावर तुषार येतात, आवाज छातीत घुमतो, बोलायला ओरडावं लागतं.

पाण्यात उतरायचं असेल तर वाटाड्या दाखवतील तिथेच, काठाला, कमरेच्या खालपर्यंत. धारेखाली जाऊ नका. हजारो वर्षं पाणी एकाच जागी पडून कातळ खोदला जातो, त्यालाच कुंड म्हणतात. त्यामुळे धारेच्या पायथ्याला खोली सगळ्यात जास्त असते. वरून पडणारं पाणी तळाशी जाऊन फिरतं आणि माणसाला आत ओढतं, चांगल्या पोहणाऱ्यालाही. पाणी गारही असतं, हातपाय लवकर आखडतात. शिवाय धारेबरोबर वरून सुटे दगड येतात. कातळावरून उडी मारणं तर कुठल्याच परिस्थितीत नको. दारू पिऊन पाण्याजवळ कोणालाही जाऊ देऊ नका. आपला मित्र असला तर जास्तच कडक वागा.

तो रंगीत फोटो घेऊन झाला, खाऊन झालं, की पिशवीत सगळा कचरा भरा, केळीच्या सालींसकट. एक वाजता उठा. दरीत ऊन लवकर जातं.

परत येताना: सगळ्यात महत्त्वाचं

इथपर्यंतचं सगळं थोडंफार चुकलं तरी निभावतं. हा भाग मात्र दोनदा वाचा.

सकाळी जाताना जे ओढे तुम्ही ओलांडता, तेच दुपारी परतताना ओलांडायचे असतात आणि मध्ये पाच-सहा तास गेलेले असतात. तेवढ्या वेळात वर घाटमाथ्यावर एक सर पडली तर ओढा सकाळचा राहत नाही. पावसाळ्यात लोक पलीकडे अडकतात ते असेच.

काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरात आम्ही सात जण गेलो होतो. सकाळी दुसरा ओढा घोट्याएवढा. परत आलो तेव्हा त्याचं पाणी गुडघ्याच्या वर आणि पिवळट. आमच्यावर एक थेंब पडलेला नव्हता, आकाश निळं होतं. आमच्यातला एक जण म्हणाला, "धावत जाऊ, पाच पावलं तर आहेत." वाटाड्या दादांनी त्याचा हात धरून खाली बसवलं. म्हणाले, "आभाळ हितं नाय बघायचं. वर घाटावर बघायचं." वर बघितलं तर माथा काळा झाला होता. आम्ही एक तास चाळीस मिनिटं उंचवट्यावर बसून राहिलो. पाणी जसं चढलं तसं उतरलं, दगड पुन्हा दिसायला लागले आणि आम्ही दोरीला धरून पलीकडे गेलो. त्या दिवशी सगळे घरी पोचलो, ते एका माणसाने "नाही" म्हटल्यामुळे.

म्हणून जातानाच प्रत्येक ओढ्यात एक दगड हेरून ठेवा, ज्याचा माथा पाण्याबाहेर आहे. फोटो काढून ठेवा. परतताना तो दगड बुडालेला दिसला तर थांबायचं.

लोंढा येण्याआधी पाणी खुणा देतं. स्वच्छ पाणी गढूळ होतं. पाचोळा, काटक्या वाहत येतात. आवाज बदलतो, खळखळ जाऊन घुमल्यासारखा येतो. कधी मातीचा वास येतो. यातली एकही खूण दिसली तर सामान, बूट, फोन काही न उचलता काठ चढा, आडवं नाही, वर. आणि तिथेच बसा.

३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात हडपसरच्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यांत लहान मुलं होती. पाणी वाढलं तेव्हा ते प्रवाहाच्या मधोमध होते, एकमेकांना घट्ट धरून उभे. बघता बघता पाण्याचा जोर वाढला आणि बाहेर पडायला वाट उरली नाही. ते लोक बेजबाबदार होते असं मी म्हणणार नाही. ते तुमच्या-माझ्यासारखेच वर्षाविहाराला गेले होते. पाण्याच्या मध्ये उभं राहिल्यावर निर्णय घ्यायला वेळ मिळत नाही, म्हणून निर्णय काठावरच घ्यायचा असतो.

पाणी गुडघ्याच्या खाली असेल, तळ दिसत असेल, तरच ओलांडा. सॅकचा कमरेचा पट्टा सोडा, म्हणजे पडलात तर ती अंगातून निघेल. हातात काठी, तोंड पाणी येतं त्या दिशेला, आणि आडवं सरकत जा, एका वेळी एकच पाय उचलून. सगळ्यात वजनदार माणूस वरच्या बाजूला, हलकी माणसं त्याच्या आडोशाला. मुलांना खांद्यावर घेऊ नका, तोल जातो. दहा वर्षांखालच्या मुलांना, गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना या वाटेवर आणूच नका. त्यांच्यासाठी मुळशीचा काठ आहे, तिथे दिवस छान जातो.

चालताना पोचलो त्याच क्रमाने परत या आणि प्रत्येक ओढ्यापलीकडे माणसं मोजा. पुढे गेलेल्यांनी मागच्यांसाठी थांबायचं, हे निघतानाच ठरलेलं असू द्या.

गावात पोचल्यावर

साडेतीन-चारला गावात याल. वहीत आल्याची नोंद करा. सांगून ठेवलेली भाकरी गरम असते आणि त्या दिवशी ती जशी लागते तशी पुण्यात कुठेच लागत नाही. जेवण झाल्यावर गाडी चालवणाऱ्याने अर्धा तास आडवं व्हावं, पोटभर जेवून लगेच घाट चढायला घेतला की डोळे मिटतात. बाकीच्यांनी तोवर ओले कपडे बदलावेत, पायांना काटे-कुसळं लागलीत का बघावीत.

आणि रेंज आली की आधी घरी फोन. पाचची वेळ दिली आहे.